सर्व्हर सॉफ्टवेअरसाठी बेस इमेजची निवड : प्रकल्प नोंदी

८ सप्टेंबर २०२५

आमच्या सर्व्हर सॉफ्टवेअरच्या कंटेनर इमेज (सेवा आणि तिला लागणाऱ्या फाइली एकत्र बांधलेले गठ्ठे) कोणत्या पायावर, म्हणजे कोणत्या बेस इमेजवर, उभ्या करायच्या हे नव्याने ठरवण्याचे काम आजपासून सुरू केले आहे. सॉफ्टवेअरचे दोन भाग आहेत. मुख्य सेवा पायथनमध्ये लिहिलेली असून ती पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसशी बोलते, काही गणिती लायब्रऱ्या वापरते आणि बाहेरच्या सेवांना टीएलएसवरून (सुरक्षित जोडणीवरून) विनंत्या पाठवते. तिच्यापुढे असलेला लहान गेटवे गो भाषेत आहे. डेटाबेसचा कंटेनर स्वतंत्र आहे. त्याचा विचार शेवटी, पण तितक्याच काळजीने करायचा आहे. सध्या दोन्ही इमेज डेबियन १२ या लिनक्स वितरणप्रणालीच्या पूर्ण आवृत्तीवर आहेत आणि त्यांत कंपायलर, हेडर फाइली, मदतीची पाने असे पुष्कळ काही आहे, जे सेवा चालू असताना कधीच लागत नाही.

हा विषय आताच घेण्याचे कारण असे की डेबियन १३ ची स्थिर आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ रोजी आली आणि डेबियन १२ ला सुरक्षा पथकाकडून मिळणाऱ्या नियमित दुरुस्त्या जून २०२६ पर्यंतच आहेत. पाया हलवावा तर लागणारच आहे, तेव्हा तो विचारपूर्वक हलवावा.

कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतो. तो यजमान यंत्राचाच कर्नल वापरतो. त्यामुळे बेस इमेज म्हणजे फाइलींचा एक संच असतो : सी लायब्ररी, टीएलएसची लायब्ररी, प्रमाणपत्रांचा गठ्ठा, कालक्षेत्रांची माहिती, बहुधा एक शेल आणि पॅकेज बसवण्याचे साधन. या फाइली आमच्यापैकी कोणीही लिहिलेल्या नाहीत, तरी आम्ही त्या आमच्या नावाने प्रॉडक्शनमध्ये (प्रत्यक्ष वापरात) चालवतो. म्हणून या कामात मी एकच प्रश्न मध्यभागी ठेवणार आहे : या संचातल्या एखाद्या फाइलीत दोष सापडला तर तो कोण दुरुस्त करणार, ती दुरुस्ती आमच्यापर्यंत कोणत्या वाटेने येणार, आणि हे किती वर्षे चालणार. आकाराचा विचार जरूर होईल, पण त्यानंतर.

१० सप्टेंबर २०२५

उमेदवारांची पाहणी केली. इमेज उलगडल्यावर डेबियनची पूर्ण इमेज सुमारे १२० एमबी भरते, तिचीच स्लिम आवृत्ती ७५ ते ८० एमबीच्या घरात असते, अल्पाइन ही छोटी वितरणप्रणाली ८ ते ९ एमबीत मावते, आणि केवळ स्वयंपूर्ण बायनरीसाठी असलेली, शेल आणि पॅकेज साधन नसलेली डिस्ट्रोलेस इमेज सुमारे २ एमबीची असते. स्क्रॅच तर पूर्ण रिकामीच. हे आकडे पाहिले की अल्पाइनकडे मन ओढले जाते आणि आमच्या चर्चेतही पहिली सूचना तीच होती.

आकाराच्या या फरकाला किती वजन द्यायचे, हे लेयर, म्हणजे इमेज ज्या थरांची बनते ते थर, कसे साठवले जातात त्यावर ठरते. एकाच यंत्रावरच्या अनेक इमेज जर एकाच बेस इमेजवर बांधलेल्या असतील, तर तो लेयर यंत्रावर एकदाच उतरतो आणि एकदाच जागा घेतो. शिवाय रजिस्ट्रीतून (इमेज साठवणाऱ्या सर्व्हरवरून) लेयर दाबलेल्या स्वरूपात येतात. आमच्या मुख्य सेवेत पायथनच्या गणिती लायब्रऱ्याच बेस इमेजपेक्षा जास्त जागा घेतात, तेव्हा पाया ७० एमबीने लहान करून मिळणारा फायदा खरा असला तरी मोठा नाही. इमेज फुगण्याचे मुख्य कारण कंपायलर आत राहणे हे आहे आणि त्याचा उपाय बहुटप्पी बिल्ड हा आहे. डॉकर या कंटेनर साधनात ही सोय १७.०५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून आहे. पहिल्या टप्प्यात हवे ते बांधायचे आणि शेवटच्या टप्प्यात फक्त तयार फाइली उचलून ठेवायच्या. एका लेयरमध्ये आणलेली फाइल पुढच्या लेयरमध्ये पुसली तरी इमेजचे वजन कमी होत नाही, ती फक्त दिसेनाशी होते. त्यामुळे नंतर साफसफाई करण्यापेक्षा मुळात न आणणे हाच मार्ग योग्य आहे.

यादीत आणखी दोन नावे होती. रेड हॅटची यूबीआय ही बेस इमेज २०१९ पासून उपलब्ध आहे, तिचे पाठबळ दीर्घ असते आणि ती पुढे वाटण्याची मुभा आहे. ज्यांचे यजमान यंत्र आणि सेवा करार त्याच कुटुंबातले आहेत त्यांच्यासाठी ती सरळ निवड ठरेल. आमचे तसे नाही. चेनगार्डने २०२२ मध्ये आणलेली वुल्फी जीलिबसी या, डेबियनमध्येही असलेल्या, सी लायब्ररीवर चालते आणि दुरुस्त्या फार लवकर देते, परंतु ती सतत पुढे सरकणारी वितरणप्रणाली आहे, आणि तिच्यावर बांधलेल्या चेनगार्डच्या तयार इमेज मोफत वापरायच्या तर मुख्यतः ताज्या टॅगवरच (इमेजच्या आवृत्तीच्या नावावरच) राहावे लागते. एका आवृत्तीवर काही वर्षे स्थिर राहण्याची आमची गरज तिथे भागत नाही.

पाठबळाचा शब्द किती टिकतो हेही तपासायला हवे, याची आठवण सेंटओएस ८ ही वितरणप्रणाली करून देते. त्याला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील असे धरून अनेकांनी त्यावर इमेज बांधल्या होत्या. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले की ते ३१ डिसेंबर २०२१ रोजीच थांबेल.

१२ सप्टेंबर २०२५

आजचा दिवस अल्पाइनला दिला, कारण तिला नाकारायचे असेल तर ते नीट कारण देऊन नाकारले पाहिजे. अल्पाइन हे मनापासून आणि कौशल्याने केलेले काम आहे. तिच्यात मसल ही सी लायब्ररी आहे, रोजची साधने बिझीबॉक्सच्या एकाच बायनरीतून मिळतात, आणि प्रत्येक स्थिर शाखेच्या मुख्य भांडाराला साधारण दोन वर्षे पाठबळ असते. अडचण अल्पाइनच्या दर्जात नाही. आमचे सॉफ्टवेअर आणि त्याच्या लायब्रऱ्या ज्या गृहीतकांवर लिहिल्या गेल्या आहेत ती जीलिबसीची गृहीतके आहेत, आणि मसल काही ठिकाणी जाणूनबुजून वेगळी वागते. तो फरक आम्हाला कुठे भिडेल ते पाहिले.

पहिली जागा नावांच्या शोधाची. मसलचा रिझॉल्व्हर (नावावरून पत्ता शोधणारा भाग) यादीतल्या सगळ्या नेमसर्व्हरना एकाच वेळी विचारतो आणि जे उत्तर आधी येईल ते घेतो. जीलिबसी क्रमाने विचारते आणि पहिल्याकडून उत्तर न आल्यास दुसऱ्याकडे जाते. सगळे नेमसर्व्हर समान उत्तर देत असतील तर हा फरक जाणवतच नाही, उलट मसल अधिक चपळ ठरते. पण जिथे एक नेमसर्व्हर अंतर्गत नावे ओळखतो आणि दुसरा ओळखत नाही, तिथे ‘असे नाव नाही’ हे चुकीचे उत्तर आधी येऊन पोचू शकते आणि दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही. अशी मांडणी करणेच मुळात बरोबर नाही हे खरे. तरीही आमचे सॉफ्टवेअर दुसऱ्यांच्या नेटवर्कमध्ये बसवले जाते आणि तिथली मांडणी आमच्या हाती नसते. याशिवाय मसल १.२.४ पूर्वी, म्हणजे अल्पाइन ३.१८ पूर्वी, यूडीपीच्या उत्तरात न मावणारे मोठे उत्तर टीसीपीवरून पुन्हा मागण्याची सोय रिझॉल्व्हरमध्ये नव्हती. मे २०२३ मध्ये ती आली. हा मुद्दा आता जुना झाला आहे आणि तो अल्पाइनविरुद्ध वापरणे न्याय्य होणार नाही, हे नोंदवून ठेवतो.

दुसरी जागा थ्रेडच्या स्टॅकची, म्हणजे प्रक्रियेतल्या प्रत्येक समांतर धाग्याला मिळणाऱ्या कामाच्या मेमरीची. जीलिबसीत नव्या थ्रेडला मिळणारा स्टॅक प्रक्रियेच्या मर्यादेवरून ठरतो आणि ती मर्यादा बहुतेक यंत्रांवर ८ एमबी असते. मसलमध्ये तो मुळात १२८ केबी असतो. खोल पुनरावर्तन करणारा कोड थ्रेडमध्ये चालला तर पायथनची नेहमीची पुनरावर्तन मर्यादेची सूचना मिळण्याआधीच प्रक्रिया कोसळू शकते. पायथनची अधिकृत अल्पाइन इमेज बांधताना हा स्टॅक मुद्दाम वाढवून घेतला जातो, यावरूनच ही अडचण कल्पनेतली नाही हे स्पष्ट होते.

तिसरी जागा मेमरीची. मसलचा ॲलोकेटर (मेमरी वाटणारा भाग) लहान आकार आणि सुरक्षितता यांच्या बाजूने झुकलेला आहे. अनेक थ्रेड एकाच वेळी मेमरी मागू लागले की तो जीलिबसीच्या मागे पडतो. गणिती काम करणाऱ्या आमच्या सेवेला ही किंमत परवडणारी नाही. दुसरा ॲलोकेटर जोडून ती टाळता येते, पण मग आम्ही ज्याची काळजी घ्यायला हवी असा आणखी एक तुकडा वाढतो.

पूर्वी अल्पाइनवर पायथनची तयार व्हील (आधीच कंपाइल केलेली पॅकेज) चालत नसत आणि प्रत्येक लायब्ररी मूळ कोडपासून बांधावी लागे. २०२१ मधील पीईपी ६५६ या पायथन सुधारणा प्रस्तावामुळे मसलसाठीही व्हील प्रसिद्ध करता येऊ लागली आणि मोठ्या लायब्रऱ्या ती देतात. तरी सगळ्या देत नाहीत, आणि आमच्या यादीतली एक लहानशी लायब्ररी देत नाही. एका लायब्ररीसाठी कंपायलरची साखळी आणि तिच्या चाचण्या सांभाळायच्या म्हणजे जो बोजा वितरणप्रणालीने उचलायचा तो आपल्या खांद्यावर घेणे होय.

निष्कर्ष : मुख्य सेवेसाठी अल्पाइन नको. जीलिबसीवरच राहायचे.

१६ सप्टेंबर २०२५

जीलिबसी ठरली, आणि डेबियन १३ ची स्लिम आवृत्ती हा पाया जवळजवळ ठरला. स्लिममध्ये लायब्रऱ्या पूर्ण डेबियनमधल्याच असतात, फक्त दस्तऐवज, मदतीची पाने आणि भाषांतरे काढलेली असतात, म्हणून वागणुकीत फरक पडत नाही. उरलेला प्रश्न असा की पायथनचा इंटरप्रिटर कुठून घ्यायचा. हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण पहिल्या दिवशी मध्यभागी ठेवलेला प्रश्न सर्वांत थेटपणे इथेच लागू पडतो.

पायथनची अधिकृत स्लिम इमेज डेबियन स्लिमवरच बांधलेली असते, पण तिच्यातला इंटरप्रिटर डेबियनचा नसतो. तो मूळ कोडपासून कंपाइल करून वेगळ्या डिरेक्टरीत ठेवलेला असतो. त्यामुळे त्या इमेजमध्ये ॲप्टने (डेबियनच्या पॅकेज साधनाने) सगळे अद्ययावत केले तरी सी लायब्ररी आणि ओपनएसएसएल ही टीएलएसची लायब्ररी दुरुस्त होतात, इंटरप्रिटर तसाच राहतो. तो बदलण्यासाठी पायथनची नवी उपआवृत्ती यावी लागते, मग इमेज नव्याने बांधली जावी लागते आणि मग आम्ही ती उचलावी लागते. याच्या उलट डेबियन १३ मध्ये पायथन ३.१३ पॅकेज म्हणूनच आहे. त्यात दोष सापडला तर डेबियनचे सुरक्षा पथक आवृत्ती न बदलता तेवढीच दुरुस्ती मागे आणून बसवते.

दोन्ही वाटा प्रामाणिक आहेत. ज्यांना पायथनची प्रत्येक नवी शाखा लवकर हवी असते त्यांच्यासाठी अधिकृत इमेज योग्य आहे. आमचे सॉफ्टवेअर मात्र एकदा बसवले की वर्षानुवर्षे चालते, आणि आम्हाला दुरुस्त्यांची एकच वाट असणे अधिक मोलाचे वाटते. म्हणून डेबियनच्या स्लिम पायावर डेबियनचेच पायथन, आणि आमच्या लायब्रऱ्या स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, अशी रचना निवडली. डेबियनच्या पायथनमध्ये पिपने थेट पॅकेज बसवू दिले जात नाही, हे नियमाने योग्यच आहे. वितरणप्रणालीच्या फाइली आणि आपल्या फाइली एकमेकांत मिसळू नयेत यासाठीच ते आहे.

एवढ्याने दुरुस्त्यांची वाट एकच झाली असे म्हणता येत नाही, कारण तयार व्हील स्वतःबरोबर लायब्रऱ्या घेऊन येतात. क्रिप्टोग्राफी या पायथन लायब्ररीच्या व्हीलमध्ये ओपनएसएसएल आतच जोडलेले असते. पोस्टग्रेसक्यूएलच्या ड्रायव्हरच्या बायनरी आवृत्तीत लिबपीक्यू (पोस्टग्रेसक्यूएलशी बोलणारी सी लायब्ररी) आणि तिच्यासोबत आणखी एक ओपनएसएसएल असते. म्हणजे इमेजमध्ये डेबियनने दुरुस्त केलेले ओपनएसएसएल असते आणि त्याच्या शेजारीच दोन वेगळी ओपनएसएसएल असतात, ज्यांना ॲप्ट हात लावू शकत नाही. ‘आमचा पाया डेबियन आहे’ हे विधान अशा इमेजबद्दल अर्धेच खरे आहे.

उपाय असा ठरवला. ड्रायव्हर बिल्डच्या टप्प्यात डेबियनच्या लिबपीक्यूवर मूळ कोडपासून बांधायचा आणि शेवटच्या टप्प्यात फक्त चालण्यापुरती लिबपीक्यू ठेवायची. ड्रायव्हरच्या लेखकांचाही प्रॉडक्शनसाठी हाच सल्ला आहे. क्रिप्टोग्राफीसाठी डेबियनचे पॅकेज वापरून पाहिले, पण आम्हाला लागणारी आवृत्ती त्याहून पुढची आहे. तिचे व्हीलच ठेवले आहे आणि ‘या लायब्ररीतील ओपनएसएसएलची जबाबदारी आमची’ अशी नोंद देखभालीच्या यादीत केली आहे. गणिती लायब्रऱ्यांची व्हीलही तशीच ठेवली आहेत, कारण त्या बाहेरच्या जगाकडून आलेला मजकूर हाताळत नाहीत आणि त्यांचा बांधणीचा खर्च मोठा आहे.

१९ सप्टेंबर २०२५

ट्रिव्ही आणि ग्राइप हे इमेजमधले ज्ञात सुरक्षा दोष शोधणारे दोन्ही स्कॅनर चालवले. डेबियन स्लिमवर नोंदी पुष्कळ, अल्पाइनवर जवळजवळ काहीच नाही, आणि हे पाहून सहकाऱ्यांनी साहजिकच विचारले की मग अल्पाइन का नाही.

याचे उत्तर दोन भागांत आहे. अल्पाइनमध्ये पॅकेज कमी असतात, म्हणून दोषही कमी, हा भाग खरा आहे. दुसरा भाग माहितीच्या स्रोताचा आहे. डेबियनचा सुरक्षा मागोवा दुरुस्त न झालेले, किरकोळ ठरवलेले आणि पुढे ढकललेले दोषही उघडपणे दाखवतो, तर अल्पाइनचा सुरक्षा डेटाबेस मुख्यतः कोणता दोष कोणत्या आवृत्तीत दुरुस्त झाला एवढेच सांगतो. जो दोष अजून दुरुस्तच झालेला नाही तो तिथे दिसत नाही आणि त्या माहितीवर अवलंबून असलेल्या स्कॅनरलाही दिसत नाही. अशा दोन यादींमधल्या नोंदी मोजून तुलना करणे म्हणजे जास्त मोकळेपणाने बोलणाऱ्याला शिक्षा करणे होईल.

स्कॅनरला पॅकेजच्या नोंदी दिसतात, आणि ज्या फाइलीची पॅकेज म्हणून नोंदच नाही ती त्याच्या नजरेतून सुटू शकते. बिल्डमध्ये हाताने कंपाइल करून ठेवलेली लायब्ररी, स्क्रॅचमध्ये टाकलेली बायनरी, व्हीलच्या पोटातले ओपनएसएसएल ही अशी उदाहरणे आहेत. म्हणून कोरा अहवाल हे निवडीचे कारण मानायचे नाही, असे ठरले. पायपलाइनमध्ये आम्ही फक्त अशा दोषांवर बिल्ड थांबवणार आहोत ज्यांची दुरुस्ती वितरणप्रणालीने प्रसिद्ध केली आहे आणि आम्ही ती अजून घेतलेली नाही. बाकीचे दोष माणसाने वाचून ठरवायचे.

२४ सप्टेंबर २०२५

गेटवेचा निर्णय सोपा होता. तो सीगो (गोमधून सी कोड वापरण्याची सोय) बंद ठेवून बांधला की कोणत्याही सी लायब्ररीवर अवलंबून राहत नाही, त्यामुळे मसल की जीलिबसी हा वादच उरत नाही. प्रश्न एवढाच की स्क्रॅच घ्यायची की डिस्ट्रोलेस.

स्क्रॅचमध्ये काहीच नसते, याचा अर्थ बाहेरच्या सेवांची टीएलएस प्रमाणपत्रे तपासण्यासाठी लागणारा मूळ प्रमाणपत्रांचा गठ्ठा नसतो, कालक्षेत्रांची माहिती नसते, वापरकर्त्यांची फाइल नसते आणि तात्पुरत्या फाइलींसाठी डिरेक्टरीही नसते. हे सगळे बिल्डच्या टप्प्यातून उचलून ठेवता येते, पण मग प्रमाणपत्रांचा गठ्ठा जुना होऊ न देण्याचे काम आमचे होते. गूगलच्या डिस्ट्रोलेस प्रकल्पातील स्टॅटिक इमेजमध्ये नेमक्या याच गोष्टी डेबियनच्या पॅकेजांतून घेतलेल्या असतात, शेल आणि पॅकेज साधन नसते, आणि पॅकेजांच्या नोंदी मात्र ठेवलेल्या असतात, ज्यामुळे स्कॅनरला आत काय आहे ते कळते. दोन एमबी देऊन एक जबाबदारी दुसऱ्या सक्षम हातांत जात असेल तर तो व्यवहार मला पटतो. डिस्ट्रोलेस घेतली.

शेल नसल्यावर अडचणीच्या वेळी आत कसे पाहायचे, ही शंका रास्त होती. कुबरनेटिस या कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीत १.२५ पासून, म्हणजे ऑगस्ट २०२२ पासून, चालू पॉडला (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांच्या गटाला) तात्पुरता तपासणी कंटेनर जोडण्याची सोय स्थिर झाली आहे. त्या कंटेनरमध्ये हवी ती साधने असतात आणि सेवेची इमेज जशीच्या तशी राहते. आजच हा सराव करून पाहिला आणि पायऱ्या देखभालीच्या पुस्तिकेत लिहिल्या, कारण बिघाडाच्या वेळी हे पहिल्यांदाच शिकण्याची वेळ कोणावर येऊ नये. जिथे कुबरनेटिस नाही तिथे बिझीबॉक्स असलेला डिस्ट्रोलेसचा डीबग टॅग उपयोगी पडतो, पण तो प्रॉडक्शनमध्ये कायम ठेवायचा नाही.

मुख्य सेवेसाठीही डिस्ट्रोलेसची पायथन इमेज घ्यावी का, याचाही विचार झाला. लिबपीक्यू आणि तिच्यासोबतच्या लायब्रऱ्या हाताने उचलून त्या इमेजमध्ये ठेवाव्या लागतील आणि पॅकेजांच्या नोंदी मागे राहतील. ज्या कारणासाठी डिस्ट्रोलेस घ्यायची तेच कारण तिथे नाहीसे होते. म्हणून नाही.

२९ सप्टेंबर २०२५

आज पहिल्या प्रक्रियेचे आणि वापरकर्त्याचे काम पूर्ण केले. कंटेनरमधील पहिल्या क्रमांकाच्या प्रक्रियेला कर्नल वेगळी वागणूक देतो : तिने सिगटर्मसाठी (बंद होण्यास सांगणाऱ्या सिग्नलसाठी) स्वतःचा हँडलर लावला नसेल तर तो सिग्नल तिच्यावर परिणाम करत नाही. डॉकर मुळात दहा सेकंद आणि कुबरनेटिस तीस सेकंद वाट पाहते, आणि मग सक्तीने थांबवणारा सिगकिल पाठवते. एन्ट्रीपॉइंट (कंटेनर सुरू होताना चालणारी आज्ञा) साध्या वाक्यासारखा लिहिला तर बेस इमेजमधील शेल पहिली प्रक्रिया होऊन बसतो आणि सिग्नल पुढे पोचेल याची खात्री राहत नाही. म्हणून तो यादीच्या स्वरूपात लिहिला आहे. मुख्य सेवा उपप्रक्रिया सुरू करते आणि त्यांतल्या अनाथ झालेल्यांची विल्हेवाट लावणे हे पहिल्या प्रक्रियेचे काम असते, यासाठी डेबियनच्या भांडारातील टिनी हे छोटे साधन पहिली प्रक्रिया म्हणून पुढे ठेवले आहे. चालू विनंत्या पूर्ण करून सेवा शांतपणे बंद होते, हे तपासले.

दोन्ही इमेज आता रूटशिवाय चालतात. डॉकरफाइलमध्ये (इमेज बांधण्याच्या सूचनांच्या फाइलीत) वापरकर्त्याचे नाव न देता क्रमांक दिला आहे, कारण कुबरनेटिसला ‘रूट नसावा’ अशी अट घातली आणि इमेजमध्ये फक्त नाव असेल, तर ते नाव रूटचे नाही हे त्याला पडताळता येत नाही आणि कंटेनर सुरूच होत नाही. डिस्ट्रोलेसमधील रूट नसलेल्या वापरकर्त्याचा क्रमांक ६५५३२ आहे. मुख्य सेवेतही तोच ठेवला.

३ ऑक्टोबर २०२५

डेटाबेस. इथे बेस इमेज बदलण्याचा अर्थ वेगळा होतो, कारण इमेज बदलली तरी व्हॉल्यूममधला (कंटेनरबाहेरच्या कायम साठवणीतला) डेटा तोच राहतो. पोस्टग्रेसक्यूएल मजकुराचा क्रम लावताना मुळात सी लायब्ररीच्या भाषानियमांवर अवलंबून राहते, आणि त्याच क्रमाने मजकुराच्या स्तंभांवरचे बी-ट्री इंडेक्स रचलेले असतात. लायब्ररीचे नियम बदलले की इंडेक्स जुन्या क्रमाने आणि शोध नव्या क्रमाने अशी स्थिती होते : असलेली नोंद सापडत नाही, आणि एकमेव असायला हवे ते मूल्य दोनदा शिरू शकते. कोणतीही त्रुटी छापली जात नाही, म्हणून हे अधिक घातक आहे. जीलिबसी २.२८ मध्ये, २०१८ साली, हे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले आणि त्याचा फटका पुष्कळांना बसला. अल्पाइनवरील मसल तर भाषेनुसार क्रम लावतच नाही, ती बाइटच्या क्रमाने तुलना करते. तेव्हा डेबियनवर तयार झालेला डेटा तशाच व्हॉल्यूमसह अल्पाइनच्या इमेजला जोडणे हे कदापि करायचे नाही.

डेबियन १२ मध्ये जीलिबसी २.३६ आहे आणि १३ मध्ये २.४१. पोस्टग्रेसक्यूएल १५ पासून डेटाबेस स्वतःच्या क्रमनियमांची आवृत्ती नोंदवून ठेवतो आणि ती जुळली नाही तर इशारा देतो. हा इशारा लॉगमध्ये दिसतो आणि त्याकडे दुर्लक्ष करणे सोपे असते, म्हणून त्यावर सूचना लावली आहे.

ठरले ते असे : डेटाबेसच्या इमेजच्या टॅगमध्ये डेबियनच्या आवृत्तीचे नाव स्पष्ट लिहायचे, कारण फक्त पोस्टग्रेसक्यूएलचा क्रमांक लिहिलेला टॅग कधीतरी पुढच्या डेबियनवर सरकतो. सध्या डेटाबेस डेबियन १२ वरच राहील. पुढे तो हलवताना मजकुराचे सगळे इंडेक्स नव्याने बांधायचे आणि मगच नोंदवलेली आवृत्ती अद्ययावत करायची. हा क्रम उलटा झाला तर इशारा थांबतो आणि दोष मात्र आत राहतो. नव्या बसवणुकींसाठी पोस्टग्रेसक्यूएल १७ मध्ये आलेला अंगभूत क्रम वापरायचा, जो सी लायब्ररीवर अवलंबून नाही. वापरकर्त्याला भाषेनुसार क्रम हवा असेल तिथे तो त्या क्वेरीपुरता मागता येतो.

९ ऑक्टोबर २०२५

पाया ठरला तरी त्याच्या दुरुस्त्या आपोआप येत नाहीत, आणि आजची नोंद त्याबद्दल आहे. टॅग हा बदलता येणारा असतो. आज ज्या नावाखाली एक इमेज आहे त्याच नावाखाली उद्या दुसरी असू शकते. म्हणून डॉकरफाइलमध्ये पाया सांगणाऱ्या फ्रॉमच्या ओळीत टॅगसोबत शा-२५६ डायजेस्टही (इमेजच्या आशयावरून काढलेला ठसाही) लिहिला आहे. यामुळे कोणत्या पायावर बांधले ते निश्चित कळते, पण त्याच कारणाने पाया गोठतो. डायजेस्ट लिहून विसरून जाणे हे टॅगवर विसंबण्याइतकेच वाईट, किंबहुना सुरक्षेच्या दृष्टीने अधिक वाईट आहे. नवा डायजेस्ट आला की तो बदल सुचवणारे स्वयंचलित साधन भांडाराला जोडले आहे, आणि तो बदल इतर कोणत्याही बदलासारखाच चाचण्यांतून जातो.

दुसरी अडचण कॅशची. ॲप्टची यादी आणून पॅकेज बसवणारी ओळ शब्दशः तीच राहिली तर बिल्ड जुना लेयर उचलतो आणि भांडारात दुरुस्ती आलेली असूनही ती इमेजमध्ये येत नाही. म्हणून दर आठवड्याला कॅशशिवाय बिल्ड होईल, आणि त्यात सुरक्षा भांडारातून आलेल्या सुधारणाही बसवल्या जातील. पूर्वी असे करू नये, बेस इमेजचीच वाट पाहावी, असा सल्ला सर्रास दिला जात असे. बेस इमेज रोज बांधली जात नाही, आणि ओपनएसएसएलची गंभीर दुरुस्ती भांडारात पडलेली असताना थांबून राहणे मला समर्थनीय वाटत नाही.

याचा अर्थ असा की आजची आणि पुढच्या आठवड्याची इमेज एकाच डॉकरफाइलपासून बांधूनही वेगळ्या असतील. ते मान्य आहे, मात्र कोणत्या इमेजमध्ये नेमके काय होते ते सांगता आले पाहिजे. त्यासाठी प्रत्येक इमेजसोबत एसपीडीएक्स या प्रमाणित स्वरूपात पॅकेजांची पूर्ण यादी साठवली जाते. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड लायब्ररीत लपवलेली मागची वाट उघड झाली, तेव्हा ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या आपल्याकडे कुठे आहेत का, हा प्रश्न सगळ्यांसमोर एकाच दिवशी आला. डेबियनच्या चाचणी आणि अस्थिर शाखांपर्यंत त्या पोचल्या होत्या, स्थिर शाखेत नव्हत्या. स्थिर शाखेवर राहण्याचा हा एक ठोस लाभ आहे, आणि यादी हाताशी असली तर उत्तर अंदाजाने द्यावे लागत नाही.

बेस इमेजच्या प्रती आमच्या स्वतःच्या रजिस्ट्रीत ठेवल्या आहेत. डॉकर हब या सार्वजनिक रजिस्ट्रीवर २०२० च्या नोव्हेंबरपासून इमेज ओढण्यावर मर्यादा आहेत, आणि बाहेरची रजिस्ट्री बंद असल्यामुळे तातडीची दुरुस्ती अडकू नये हे त्याहून महत्त्वाचे कारण आहे.

१५ ऑक्टोबर २०२५

मुख्य सेवा डेबियन १३ स्लिमवर आणि गेटवे डिस्ट्रोलेसवर, अशा दोन्ही नव्या इमेज चाचणी वातावरणातून प्रॉडक्शनमध्ये गेल्या. ॲम्ड६४ आणि आर्म६४ या दोन्ही प्रोसेसर रचनांसाठी बांधणी होते आणि दोन्हींवर त्याच चाचण्या चालतात. मुख्य सेवेची इमेज आधीपेक्षा बरीच लहान झाली आहे, आणि त्यातला जवळजवळ सगळा फरक कंपायलर बाहेर राहिल्यामुळे पडला आहे.

बाकी कामे अशी. क्रिप्टोग्राफीच्या व्हीलसाठी ओपनएसएसएलच्या सुरक्षा सूचनांचे पत्रक दोघांच्या नावे सुरू करायचे आहे, म्हणजे एक जण रजेवर असला तरी सूचना वाचली जाईल. मूळ फाइलप्रणाली फक्त वाचण्यापुरती ठेवून मुख्य सेवा चालते का हे तपासायचे आहे. एक लायब्ररी सुरू होताना तात्पुरती फाइल लिहिते, तिला स्वतंत्र डिरेक्टरी द्यावी लागेल. डेटाबेसच्या स्थलांतराचा सराव प्रॉडक्शनमधील डेटाच्या प्रतीवर जानेवारीत करायचा आहे, कारण मोठे इंडेक्स नव्याने बांधायला किती वेळ लागतो त्यावर बंद ठेवण्याची वेळ ठरेल, आणि जून २०२६ पूर्वी डेबियन १२ सोडायचे आहे. डेबियन १३ चे नियमित पाठबळ ऑगस्ट २०२८ पर्यंत आणि दीर्घ पाठबळ २०३० पर्यंत आहे. पुढच्या पायाची पाहणी २०२७ च्या उत्तरार्धात सुरू व्हावी अशी नोंद कामाच्या यादीत टाकली आहे.